बंद इंजिनाचे फेरे

ही गोष्ट रात्रीची नाही. मे महिन्यातल्या दुपारची आहे. ऊन असं पांढरं पडलं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं, आणि झाडाखालची कुत्रीसुद्धा जीभ बाहेर काढून गप पडली होती. अशा वेळी कोणाला भीती वाटेल, असं सांगून खरं वाटत नाही. प्रेमानंदलाही वाटलं नसतं.

प्रेमानंदचं दुकान वारंगा फाट्यावर. एका बाजूला टायरवाला, एका बाजूला चहाची टपरी, मधल्या गाळ्यात हा. एकोणीस वर्षं गाड्यांची वायरिंग करत आलेला माणूस. त्याच्या घरात भुताखेतांच्या गोष्टी वडिलांनीच बंद केल्या होत्या. अमावस्या बघून कोणी थांबत नसे आणि लिंबू ओलांडायला कोणी भीत नसे. प्रेमानंदचं म्हणणं एवढंच, की दिवा लागला तर करंट कुठून तरी आलेला असतो. तो कुठून आला ते सापडेपर्यंत हात सोडायचा नाही.

त्या आठवड्यात तो सेनगावला बहिणीकडे, राणीकडे, आला होता. तिच्याच ओळखीनं जवळच्या साखरा गावातून एक काम आलं. प्रियंका नावाची बाई होती. तिला गाडीला रिमोट स्टार्टर बसवून पाहिजे होता, म्हणजे घरातून बटण दाबलं की बाहेर उभी असलेली गाडी आपोआप चालू व्हावी. खेड्यात असली हौस कोणाला, असं मनाशी म्हणत प्रेमानंद मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधून निघाला.

घर गावाबाहेर, नांगरून पडलेल्या काळ्या रानाच्या कडेला होतं. दारात कडुलिंब, बाजूला पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये पांढरी कार. रिमोट कशासाठी पाहिजे ते ऐकल्यावर प्रेमानंदला आपल्याच विचाराची लाज वाटली.

प्रियंका पस्तिशीची असेल. सासूला, नर्मदाबाईंना, आठवड्यातून तीनदा हिंगोलीला डायलिसिसला न्यावं लागायचं. घरात दुसरं माणूस नव्हतं.

"गाडी तव्यावानी तापते, दादा," ती म्हणाली. "मागच्या खेपेला आत्याबाई आत बसल्या न् बसल्या, डोळे पांढरे केले. आवरून बसवल्यावर त्यांना एकटं सोडून गाडी गार करायला जाता येत न्हाई, उठायला जाऊन दोनदा पडल्यात. इथून बटण दाबलं, एसी सुरू झाला, अन् गाडी गार झाली की मग त्यांना उचलून नेईन."

"व्हऊन जाईल, ताई. संध्याकाळच्या आत."

आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, "प्रियंका, भागवत कुठवर आला गं?"

प्रियंका प्रेमानंदकडे वळली. "माझे मालक," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. ह्या दुपारच्या टायमाला आत्याबाई रोजच इचारतात. मी काय सांगू..."

प्रेमानंद कामाला लागला. रिमोट स्टार्टर म्हणजे तळहाताएवढी काळी डबी. ती डॅशबोर्डच्या आत बसते. तिला सगळं येतं, फक्त एक गोष्ट सांगावी लागते: इंजिन चालू आहे की बंद. माणूस चावी फिरवतो तेव्हा इंजिनानं पेट घेतल्याचं त्याला कानानं कळतं आणि तो चावी सोडतो. डबीला कान नाहीत. म्हणून इंजिनाच्या एका वायरला तिची वायर जोडायची. इंजिन फिरलं की त्या वायरमधून ठोके येतात. ठोक्यांवरून डबी फेरे मोजते. ठोके नसतील तर इंजिन बंद समजून स्टार्टर फिरवते. ठोके असतील तर गाडी चालूच आहे समजून काही करत नाही.

एकच्या सुमारास सगळं जोडून झालं. प्रेमानंदनं चावीनं गाडी चालू केली, वायरला फेरे मोजायचं मीटर लावलं. आकडा आठशेवर थांबला. डबीचं बारकं बटण दाबून तिला तो आकडा शिकवला. डबीचा दिवा हिरवा झाला. मग त्यानं गाडी बंद केली, चावी काढून खिशात घातली आणि रिमोट दाबला.

गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले. पण स्टार्टर फिरला नाही.

त्यानं पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. वाकून बघितलं तर डबीचा दिवा हिरवाच होता. म्हणजे डबीचं म्हणणं होतं की इंजिन चालू आहे.

असं होतं कधी कधी. एखादी वायर दुसरीला चिकटते, कुठे अर्थिंग ढिली असते. प्रेमानंदनं बॉनेट उघडलं. इंजिन थंड होत होतं, त्याची टिक् टिक् ऐकू येत होती. पट्टा स्थिर होता. त्यानं मीटरकडे बघितलं.

आठशे वीस.

त्यानं जोड तपासले. चिकटपट्टी काढून वायर पुन्हा जोडली. आठशे दहा. शेवटी बॅटरीची दोन्ही टोकं काढून बाजूला केली. आता त्या गाडीत करंटचा थेंब नव्हता. डॅशबोर्डवरचं घड्याळ विझलं.

मीटर म्हणालं, आठशे.

त्याला वाटलं मीटरच बिघडलं. पेटीतून त्यानं जुनं काट्याचं मीटर काढलं, वडिलांच्या वयाचं. चिमटा लावताच काटा उचलला गेला आणि जागच्या जागी थरथरू लागला. चिमटा काढला की काटा खाली पडे, लावला की उठे. नाडी सापडावी तसं.

प्रेमानंद तिथेच मातीत बसला. घाम गळ्यावरून वाहत होता, पण हाताला गार लागत होतं. चहूकडे चिटपाखरू नव्हतं. तापल्या पत्र्याचा अधूनमधून कट् असा आवाज यायचा, आणि कुठूनसा पेट्रोलचा वास... मघाशी नव्हता तो.

आणि मग पहिल्या मीटरवरचा आकडा हलला.

बाराशे. अठराशे. एकदम खाली हजार. पुन्हा चढून दोन हजार, पुन्हा खाली. प्रेमानंद एकोणीस वर्षं गाड्यांत राहिलेला माणूस. त्याला ते ओळखायला वेळ लागला नाही. कोणीतरी पहिला गिअर टाकून निघालं होतं. मग दुसरा. मग तिसरा.

त्यानं हाक मारली नाही. ताक घेऊन प्रियंका आपली आपण आली, तेव्हा अर्धा-पाऊण तास होऊन गेला होता आणि प्रेमानंद मीटर मांडीवर घेऊन तसाच बसला होता.

"काहून असे बसलात, दादा? ऊन लागलं का?"

"ताई... गाडी बंद हाय. बॅटरी इथं खाली काढून ठेवली, बघा. अन् हे बघा."

तिनं बघितलं. तिला आकड्यातलं काही कळलं नाही. प्रेमानंदनं समजावलं की हे इंजिनाचे फेरे आहेत. आकडा चढतो म्हणजे पाय दाबला, पडतो म्हणजे गिअर बदलला. "कुणीतरी गाडी चालवून राहिलं, ताई. ही उभी हाय... अन् चालून राहिली."

प्रियंकाचं तोंड उतरलं. पण ती पळाली नाही. तिनं ताकाचा गिलास जमिनीवर ठेवला, गाडीचं दार उघडलं आणि चालवायच्या सीटवर बसली. "दावा मला," एवढंच म्हणाली. प्रेमानंदनं लांब वायरनं मीटर तिच्या शेजारी ठेवलं.

आकडा पडला, सातशे. उठला. पडला. पुन्हा उठला.

"हे सेनगावचं एस्टी स्टँड," ती पुटपुटली. "जीपा आडव्या लागलेल्या असतात. असंच थांबत थांबत काढावं लागतं."

मग आकडा सलग चढला. तिचा हात गिअरवर गेला आणि तिनं तिसरा टाकला. त्याच क्षणाला मीटरवरचा आकडा खाली आला.

ती बंद गाडीत बसून मुकाट क्लच दाबत होती, गिअर टाकत होती, आणि आकडा तिच्या हाताबरोबर चालत होता. कधी तिचा हात आधी, कधी आकडा आधी. आठवड्यातून तीनदा तोच रस्ता चालवणारी बाई ती. तिच्या हातापायांना प्रत्येक खड्डा पाठ होता.

"आता शाळा. हळू करतील." आकडा पडला.

"आता चढ. दुसऱ्यावर घेतात हे नेहमी, मी तिसऱ्यावर काढते..." तिचा आवाज फाटला. आकडा उसळून अडीच हजारावर गेला होता. दुसरा गिअर. "तेच हायेत, दादा. दुसरं कोणी न्हाई."

त्या उजेडात, त्या शांततेत, एका मेलेल्या माणसाची गाडी घराकडे येत होती, आणि ती किती दूर आहे हे त्यांना बोटावर सांगता येत होतं. प्रेमानंदची भीती कधी गेली त्याला कळलं नाही. समोर काही फार मोठं चाललेलं असावं आणि आपण नकळत त्याच्या दारात येऊन बसलेलो असावं, असं त्याला झालं. त्यानं पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी आकडा एकाएकी घसरला. आठशे. आणि तिथेच थांबला.

"ओढा," प्रियंका म्हणाली. "ओढ्यापाशी बाभळीखाली. तिथंच..."

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांखाली, अशाच मे महिन्यात, भागवत आईची औषधं आणायला हिंगोलीला गेला होता. परत येताना ओढ्यापाशी त्याच्या छातीत कळ आली असावी. त्यानं हीच गाडी शिस्तीत कडेला घेतली, बाभळीच्या सावलीत लावली, काच वर, एसी चालू. आणि मान मागं टाकून बसला तो बसलाच.

"रस्त्यानं माणसं गेली, दादा. जीपा गेल्या. समद्यांनी बघितलं. पर गाडी चालू होती ना... वाटलं, उन्हाचा झोपलाय बापडा. चालू गाडी बघून कुणी काच वाजवली न्हाई. साडेचारला पेट्रोल संपलं, गाडी बंद पडली, तवा एका गुराख्यानं जवळ जाऊन बघितलं." ती थांबली. "डॉक्टर म्हणले, लगेच आणलं असतं तर... घर तिथून चार किलोमीटर, दादा. मी इथं भाकरी झाकून बसले होते."

प्रेमानंदनं मान खाली घातली. मग पेटीतली पक्कड उचलत तो म्हणाला, "ताई, ही वायर मी काढतो. दुसरी तऱ्हा हाय. बॅटरीच्या दाबावरनं पण डबीला कळतं इंजिन चालू का बंद. तसं लावतो. मग हे... दिसणार न्हाई."

"अन् ते?"

"ते म्हंजे?"

"मी वायर काढली म्हणून ते तिथनं हलतील का?" प्रियंका आकड्याकडे बघत म्हणाली. "त्या दिवशी त्यांच्यापाशी कोणी बसलं न्हाई. आज मला कळलंय. मी बसते."

आणि ती बसली. दोन तास वीस मिनिटं. दोनदा उठून सासूला बघून आली, पाणी पाजून आली, पण लगेच परतली. आकड्याकडे बघत ती हळू आवाजात बोलत होती. विहिरीचं पाणी कुठवर गेलंय, आत्याबाईंची सुई दर खेपेला कुठल्या हाताला टोचतात, आपण गाडी शिकताना कडुलिंबाला कशी ठोकली. प्रेमानंद शेडच्या खांबाला टेकून पाठमोरा बसला होता. ते बोलणं त्याच्यासाठी नव्हतं. तो निघून जाऊ शकला असता. गेला नाही.

साडेचार वाजत आले तसा आकडा डळमळला. आठशे, सहाशे, नऊशे, पाचशे. श्वास अडकावा तसा.

"दादा..."

"पेट्रोल संपून राहिलं," प्रेमानंद उठत म्हणाला.

तीनशे. दीडशे. मग शून्य.

पेट्रोलचा वास गेला. मीटर गप झालं. प्रियंका क्षणभर त्या शून्याकडे बघत राहिली. मग तिनं डॅशबोर्डवर ठेवलेला रिमोट उचलला.

"ताई, बॅटरी काढलेली हाय. काही व्हायचं न्हाई."

"व्हय," ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

डबीचा दिवा लागला. बॅटरी काढून जमिनीवर ठेवलेली, आणि काळ्या डबीचा दिवा लख्ख लागला. आतला रिले, करंट जोडणारा खटका, टक् करून वाजला. मीटरवर दोनशेचा आकडा आला आणि थरथरला. प्रेमानंदनं हजारदा बघितलेली गोष्ट: स्टार्टर फिरतोय, इंजिन अजून पेटलेलं नाही. एक सेकंद. दोन. तीन. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "घे... घे बाबा, पकड घे..."

आकडा उसळून हजारावर गेला.

प्रियंकाचे दोन्ही हात तोंडावर गेले. आकडा आठशेवर बसला, क्षणभर थांबला, आणि चढू लागला. पहिला. दुसरा. तिसरा.

चार किलोमीटर. सहा-सात मिनिटांचा रस्ता. प्रेमानंदनं आयुष्यात एवढी लांब सात मिनिटं काढली नाहीत. वळण आलं. मारुतीच्या पारापाशी आकडा पडला, पुन्हा उठला. मग पांदीचा कच्चा रस्ता, दुसऱ्या गिअरवर, हेलकावे खात. वारा नव्हता, तरी कडुलिंबाची पानं एका बाजूनं हलली. फाटकापाशी आकडा सातशेपर्यंत आला. पहिला गिअर. हळूहळू, अंगणात घेतात तसं. आठशे.

आणि मग कोणीतरी चावी फिरवावी तसा तो एका झटक्यात शून्य झाला.

ह्या वेळी इंजिन अडखळलं नव्हतं. बंद केलं होतं.

डॅशबोर्डवर गाडीचं बारकं चित्र असतं. जे दार उघडं, ते त्यात लाल दिसतं. विझलेल्या डॅशबोर्डवर ते चित्र उजळलं. चालवायच्या बाजूचं दार लाल झालं. प्रियंका आत बसलेली, दार तिच्या कोपराला लागून घट्ट बंद. चित्रात ते उघडलं आणि मिटलं.

घरातून नर्मदाबाईंचा आवाज आला. दुपारचा तो खोल गेलेला आवाज नव्हता, स्वच्छ, दमदार. "प्रियंका! अगं भागवत आला. पाणी दे त्याला, उन्हातून आलाय."

प्रियंका गाडीतून उतरली ती धावतच आत गेली. माठावरचं झाकण वाजलं. मग बराच वेळ आतून रडण्याचा आवाज येत राहिला, आणि तो दुःखाचा नव्हता. प्रेमानंद अंगणात अनवाणी उभा होता. त्याच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

नंतर त्यानं बॅटरी जोडली. मीटर साफ शून्य दाखवत होतं. रिमोट दाबताच स्टार्टर फिरला, इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, एसीची गार हवा आली. दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई त्या गार गाडीत बसून हिंगोलीला गेल्या आणि वाटेत एकदाही त्यांना घेरी आली नाही. त्या वायरवर पुन्हा कधी काही आलं नाही. दुपारी भागवतची वाट बघणंही त्यांनी सोडलं.

प्रेमानंद ही गोष्ट कोणाला सांगतो तेव्हा इथवरच सांगतो. ऐकणारा हात जोडतो, आणि प्रेमानंद चहा मागवतो. पुढचं त्यानं फक्त राणीला सांगितलं आहे.

तो पेटी बांधून निघाला होता. ऊन उतरलं होतं. मोटरसायकलला किक मारणार, तोच प्रियंका दारात आली. तिच्या हातात पाण्याचा भरलेला गिलास होता. चेहऱ्यावरचं मघाचं तेज कुठल्या कुठं गेलं होतं.

"दादा, एक इचारू? मी घाईत आत गेले. तुमी त्या चित्राकडं बघत होते न्हवं?"

"व्हय."

"किती दारं उघडली?"

प्रेमानंदला सांगावंसं वाटेना. त्यानं बघितलं होतं. ती आत पळाल्यावर, चित्र विझायच्या आधी. त्याला वाटलं होतं आपल्या डोळ्यांत पाणी आहे म्हणून तसं दिसलं असेल.

"दोन," तो म्हणाला. "आधी चालवायच्या बाजूचं. अन् मग... मागचं डावं. ते लई हळू उघडलं. त्या दिवशी त्यांच्या संगं कोणी होतं का, ताई?"

प्रियंकानं मान हलवली. "एकटेच होते. समद्यांनी बघितलं."

तिनं हातातल्या गिलासाकडे बघितलं.

"आत्याबाई म्हणतात, अजून एक गिलास आण. संगं आलंय त्याला पण दे." तिनं एकवार मागं, अंधारल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मी म्हणलं, कोण हाय ते? तर म्हणल्या... मला काय ठावं बाई. आल्यापासून भिंतीकडं तोंड करून बसलंय."